साडेचार बोटांचा ठसा

शेजारच्या गॅरेजची आणि माझ्या दुकानाची भिंत एकच आहे, आणि तीही अर्धीच. वरचा भाग बांधायचा राहून गेला तो राहूनच गेला. त्यामुळे तिकडचं बोलणं मला ऐकू येतं असं म्हणणं बरोबर नाही. ते माझ्याच दुकानात चाललेलं असतं, फक्त बोलणारी माणसं पलीकडे उभी असतात. मी मोटरसायकलच्या सीटना कव्हरं शिवते. हात मशीनवर, पाय खालच्या पट्टीवर, कान मात्र रिकामे. रिकाम्या कानांना काहीतरी काम लागतंच.

गल्लीत सगळे मला मावशी म्हणतात. त्यात माझ्यापेक्षा वयाने मोठी माणसंही आहेत. सुरुवातीला राग यायचा, मग लक्षात आलं की मावशी म्हटल्यावर लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. हा फायदा मी मुकाट्याने जमेला धरला.

गॅरेजच्या म्हाताऱ्या मालकांना तोंडावर सगळे उस्ताद म्हणतात आणि पाठीमागे साडेचार. तरुणपणी त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट चेन आणि दातेरी चाकाच्या मध्ये सापडलं आणि अर्धंच परत आलं. त्यांना हे नाव माहीत आहे. त्यावर त्यांचा स्वतःचा एक विनोदही आहे. कुणी विचारलं, उस्ताद, दुकान किती वाजता उघडता, तर दोन्ही पंजे पुढे करतात आणि म्हणतात, ‘मोज.’ साडेनऊ भरतात.

त्यांना मुलगा एकच, आणि तो विम्याच्या कचेरीत. दिवसभर अपघातांचे कागद वाचून त्याला मोटरसायकलवर मागे बसवलं तरी घाम फुटतो. तेव्हा गॅरेजला वारस मिळाला तो सुनेच्या रूपाने. लग्न झाल्यावर ती सासऱ्यांचा डबा घेऊन यायची आणि डबा खाऊन होईपर्यंत उभी राहून बघायची. एकदा उस्तादांनी गाडी पुरी केली, स्टँडवरून उतरवली, तर ही म्हणाली, ‘बाबा, ते वॉशर ताटलीत राहिलं.’

उस्तादांची पद्धत अशी की गाडीतून जे जे सुटेल ते एका स्टीलच्या ताटलीत टाकायचं, आणि काम संपलं की ताटली पालथी घालायची. ताटली पालथी नाही तर गाडी बाहेर नाही. त्या दिवशी वॉशर ताटलीच्या काठाला चिकटून बसलं होतं आणि त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. ते आधी चिडले, मग वाकले, मग बराच वेळ सुनेकडे बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पाना दिला. आता ब्रेकच्या कामाला लांबलांबून लोक तिच्याकडे येतात. उस्तादांच्या खात्यावर मी पुष्कळ गोष्टी नावे टाकल्यात, तापटपणा, तंबाखू, माझ्या कव्हरांना ‘उशांचे अभ्रे’ म्हणणं. पण तो पाना मी ठळक अक्षरात जमेला लिहून ठेवलाय.

शिकवताना मात्र त्यांनी तिला काही सोडलं नाही. दोन गोष्टींवर तर रोज डोकं खायचे. एक म्हणजे नव्या सायलेन्सरचा पाइप. पाइप बसवला की गाडी सुरू करायच्या आधी तो पेट्रोलच्या फडक्याने पुसून काढायचा आणि मग त्याला बोटही लावायचं नाही. कारण बोटाला तेल असतं, घाम असतो. पाइप पहिल्यांदा तापला की ते तिथल्या तिथे भाजून निघतं, आणि मग तो डाग धुऊन पुसून जात नाही. ‘पाइप पुसला का?’ हे वाक्य मी त्या अर्ध्या भिंतीवरून इतक्यांदा ऐकलंय की एकदा घरी कुकर गॅसवर ठेवताना मी तोही पुसला.

दुसरी गोष्ट म्हणजे एक शब्द. सून शिकाऊ होती तेव्हा उस्ताद विचारायचे, नट आवळला का? आणि ती म्हणायची, आवळला असणार. झालं! ‘असणार हे लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल बोलायचं,’ ते ओरडायचे. ‘येणार असणार, जेवणार असणार. नटाबद्दल नाही. आवळला की नाही?’ तेव्हापासून त्या दुकानात ‘असणार’ला बंदी आहे. गिऱ्हाईकांनाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना उस्तादांची बोटं सुन्न व्हायला लागली. मला ते चहावरून कळलं. माझ्याकडून गेलेला उकळता पेला ते अख्ख्या मुठीत धरून ठेवायचे आणि बोलत राहायचे. बघणाऱ्याच्या बोटांना चटका बसावा, पण यांना काही नाही. मग एका गाडीच्या मागच्या ब्रेकचा नट त्यांनी इतका पिळला की आटे सोलून निघाले. त्यांना ते हाताला कळलंच नाही. कळलं ते सुनेला, पलीकडच्या कोपऱ्यात, नुसत्या आवाजावरून.

त्या दुपारी तिने ओरडाआरडा केला नाही. माझी तर मशीन थांबवून ऐकायची तयारी होती. तिने फक्त हात पुसले आणि म्हणाली, ‘बाबा, आजपासून ब्रेक माझे, सायलेन्सर तुमचे.’

‘म्हणजे वाटणी?’

‘वाटणीच समजा. सायलेन्सरला आटे गेले तर आवाज होतो. ब्रेकला गेले तर आवाजसुद्धा होत नाही.’

‘आणि मी ब्रेकला हात लावला तर?’

‘तर पाने ठेवायचे आणि घरी जायचं. आई माळा आवरायला माणूस शोधतायत.’

हा घाव वर्मी होता. उस्तादांच्या बायकोने घरातला माळा संसार मांडल्यापासून त्यांच्यासाठी राखून ठेवलाय. त्यावर मोडके पंखे, फुटक्या बादल्या, पाहुण्यांच्या गाद्या आणि कुणाचा तरी पाळणा आहे, असं म्हणतात. उस्ताद मरणाची गोष्ट अगदी थंडपणे करतात, माळ्याचं नाव काढलं की विषय बदलतात. त्यांनी वाटणी कबूल केली. महिनाभर ती नीट पाळलीही. मी रोज बघत होते, आणि बघण्यात मी कसूर करत नाही.

मग दातांच्या डॉक्टरांची गाडी आली.

या डॉक्टरांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी आहे. माणूस सज्जन. एकच वेड, मोटरसायकल. पेशंटच्या तोंडात बघायचा तो दांडीवाला छोटा आरसा असतो ना, तसा एक त्यांनी खास गाडीसाठी ठेवलाय. त्याने ते इंजिनाच्या खालच्या खाचाखोचांत बघतात, कुठे धूळ आहे का. गाडीला तोंड असतं तर डॉक्टरांनी ‘आ करा’ म्हटलं असतं. तर त्यांच्या जुन्या पाइपला खालून गंजून भोक पडलं होतं आणि गाडी फाटक्या आवाजात बोलायला लागली होती. त्यांनी चकचकीत नवा पाइप आणला, तोही मऊ कापडात गुंडाळून, दोन्ही हातांवर आडवा धरून. जाता जाता म्हणाले, ‘ताई, मागचा ब्रेकही कुरकुरतोय, तेवढं बघा.’

सुनेने सकाळी ब्रेक काढला. चाक उतरवलं, आतली भुकटी ओल्या फडक्याने टिपली (फुंकर मारायची नाही, नाकात जाते, हेही उस्तादांचंच), चाकाला आतून घासून गुळगुळीत झालेले ब्रेकचे शू पॉलिशपेपरने खरखरीत केले, जिथे फिरतं तिथे मोहरीएवढं ग्रीस लावलं आणि सगळं परत बांधलं. मग गाडी गल्लीच्या टोकाच्या भिंतीपर्यंत वेगात नेली आणि भिंतीच्या नाकासमोर उभी केली. तिची ही चाचणी बघायला समोरचा न्हावी हातातला वस्तरा थांबवतो. खुर्चीतल्या माणसाचं काय होतं कोण जाणे.

‘आता पाइप,’ ती आल्यावर म्हणाली. ‘पण बाबा, थांबा जरा. या गाडीचा पाइप पायाच्या ब्रेकच्या दांडीच्या मागून जातो. दांडी उतरवल्याशिवाय बसायचा नाही, आणि दांडी उतरवायची तर ब्रेकची सळई सोडायला लागते. मी दुसऱ्या गाडीचे शू घेऊन येते, आले की सळई सोडते, मग तुम्ही पाइप बसवा, मग मी सळई लावते.’

‘दोन देशांची हद्द आहे का ही?’

‘आहे,’ ती म्हणाली आणि गेली.

आता सून स्पेअरपार्टच्या दुकानात गर्दीत उभी, उस्ताद इकडे स्टुलावर, पाइप मध्ये. एवढ्यावर भागलं असतं. पण डॉक्टर लवकर आले. दुपारी त्यांना एका माणसाची अक्कलदाढ काढायची होती आणि तो माणूस, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, पळून जाण्याच्या बेतात होता.

‘उस्ताद, झाली का?’

त्यांनी काय उत्तर द्यावं? सून आल्याशिवाय मला पाइप बसवता येत नाही, हे एका वाक्याचं काम. वाक्य खरं होतं, सोपं होतं. पण ज्या माणसाने अर्ध्या गावाच्या गाड्या बांधल्या त्याच्या तोंडून ते बाहेर पडेना. मी भिंतीवरून बघत होते, त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं.

‘चहा घेऊन या डॉक्टर,’ ते म्हणाले. ‘चहा संपेपर्यंत देतो.’

पुढचं मला दिसलं नाही. माझ्या हातात एका सीटचा कोपरा होता, आणि कोपरा वळवताना मान वर केली की सुरकुती पडते. पान्यांचे आवाज ऐकले, गाडी सुरू झाल्याचं ऐकलं. नव्या पाइपचा आवाज छान होता, जेवून उठलेल्या माणसासारखा. डॉक्टर खूश होऊन गेले.

सून आली तेव्हा गाडीची जागा रिकामी होती आणि ताटली पालथी.

‘बाबा, सळई?’

‘सोडलीच नाही. पाइप तिरका करून सरकवला.’

‘तिरका करून? जातो?’

‘तुला जाणार नाही. मला जातो.’

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग ताटलीकडे बघितलं. मग दारात दुसरं गिऱ्हाईक आलं. तिने विश्वास ठेवला असं मी म्हणणार नाही. तिने ठेवायचं ठरवलं. दोन्हींत फरक आहे, आणि कुटुंबं बहुतेक दुसऱ्यावर चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले ते गाडीवरून उतरायच्या आतच बोलायला लागले.

‘ताई, माझ्या पाइपवर कुणाचा तरी हात आहे.’

‘कुणाचा हात?’

‘ते मी कसं सांगू? मी दात ओळखतो, हात नाही. हे बघा.’ त्यांनी खिशातून आरसा काढला आणि पायाच्या ब्रेकच्या मागे धरला.

सून गुडघ्यावर बसली. मीही माझी कात्री ठेवली आणि भिंतीपाशी गेले, कारण काही गोष्टी कानांवर सोडून चालत नाही. चांदीसारख्या पाइपवर, दांडीच्या बरोबर मागे, एक तपकिरी पंजा भाजून बसला होता. अगदी स्पष्ट, रेघांसकट.

उस्ताद मागून म्हणाले, ‘पाण्याचा डाग असतो तसला. नव्या पाइपला येतो.’

‘बाबा,’ सून वर न बघता म्हणाली, ‘पाण्याला साडेचार बोटं असतात का?’

डॉक्टरांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. उस्ताद पुढे आले, वाकले, आरशात बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कुणी चोर म्हटलं असतं तरी त्यांचा चेहरा असा झाला नसता.

‘पुसला नाही मी,’ ते म्हणाले. आम्हाला नाही, पाइपला.

‘होतं कधीकधी,’ डॉक्टर म्हणाले. ‘मीही परवा एकाला चुकीच्या बाजूला भूल...’ मग त्यांना हे बोलू नये असं वाटलं असावं. ते थांबले.

एवढ्यावरही गोष्ट मिटली असती. डाग तो डागच, माणूस त्याने मरत नाही. पण सून अजून खालीच होती. तिने स्वतःचा हात दांडीच्या मागे घालून बघितला. बोटं गेली, पंजा अडला. आडवा करून बघितला, अडला. तिचा हात उस्तादांच्या हाताच्या निम्मा आहे. ती उठली.

‘दांडी जागेवर असताना इथे हात जात नाही, बाबा. आणि आधी धरून मग सरकवला असता तर ठसा दांडीला घासून पुसला असता.’

तिने हाताची धूळ फडक्याला पुसली.

‘तिरका करून सरकवला म्हणालात.’

‘म्हणालो.’

‘सळई सोडली होती?’

उस्तादांनी डॉक्टरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सुटका कुठे नव्हती. ‘सोडली होती.’

‘परत लावली?’

‘लावली.’

‘पिन?’

आता ही पिन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण डॉक्टरांनाही तेव्हाच सांगावं लागलं. पायाने ब्रेक दाबला की सळई ओढली जाते आणि मागचं चाक थांबतं. ती सळई दांडीला एका छोट्या खुंटीने अडकवलेली असते. खुंटी हादऱ्यांनी बाहेर येऊ नये म्हणून तिच्या भोकातून तारेसारखी पिन घालून तिची टोकं दुमडतात. जुनी पिन परत वापरायची नाही, दर वेळी नवी. पिन नसेल तरी गाडी पळते, ब्रेकही लागतो. आज लागतो, उद्या लागतो. मग एखाद्या दिवशी पाय खाली जातो आणि खाली जातच राहतो.

‘पिन लावली का, बाबा?’

उस्तादांनी उजव्या हाताकडे बघितलं, जणू त्यालाच विचारत होते.

‘लावली असणार,’ ते म्हणाले.

मी गल्लीत इतकी वर्षं काढली, भांडणं ऐकली, रडारड ऐकली. पण बंदीनंतर त्या दुकानात तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. सुनेने त्यांना टोकलं नाही. तेच जास्त वाईट होतं.

‘मी काल बायकोला मागे बसवून पुलावरून गेलो,’ डॉक्टर बारीक आवाजात म्हणाले. ‘आईसक्रीम खायला.’

‘बसा डॉक्टर,’ सून म्हणाली आणि स्टूल त्यांच्याकडे पायाने सरकवलं. मग त्यांच्या हातातला आरसा घेतला, बॅटरी घेतली, पोतं अंथरलं आणि गाडीखाली आडवी झाली. उस्ताद उभेच. त्यांचा हात गाडीच्या सीटवर होता, माझ्याच शिवणीवर, आणि अर्धं बोट तेवढं हलत होतं.

खालून आवाज आला, ‘आहे.’

‘नवी?’ उस्तादांनी विचारलं.

‘नवी. टोकंही दुमडलीत. एक या अंगाला, एक त्या अंगाला. तुमच्यासारखीच.’

डॉक्टरांनी इतका मोठा श्वास सोडला की माझ्या टेबलावरचा कागदाचा नमुना हलला असं मी सांगणार नाही, पण हलायला हरकत नव्हती. ‘मग झालं तर!’ ते उठून म्हणाले. ‘पिन आहे, ब्रेक आहे, मी आहे. उस्ताद, तुमचा हात म्हणजे काय बोलायचं!’

‘नाही झालं,’ उस्ताद म्हणाले.

सून गाडीखालून बाहेर आली. केसांना पोत्याचे धागे चिकटले होते. तिच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसत होतं आणि मला वाटलं, ती आता हसून सोडून देणार. पण उस्तादांनी तिला ती सवड दिली नाही.

‘पिन आहे हे तू मला सांगितलंस,’ ते म्हणाले. ‘मला माहीत नव्हतं. हाताने लावली, पण मला न विचारता लावली. उद्या न विचारताच विसरेल. पाइप विसरला तसा.’

ते आत गेले आणि पान्यांची गुंडाळी घेऊन आले. ती गुंडाळी मीच शिवून दिलेली, उरलेल्या रेक्झिनची, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा. त्यांनी ती सुनेसमोर बाकावर ठेवली. गाठ सरळ केली. काल रात्री बायकोने माळ्याची शिडी पुसून ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

सुनेने गुंडाळीकडे बघितलं. हात लावला नाही. उचलून परतही दिली नाही.

‘आणि हा पाइप कोण निस्तरणार?’ ती म्हणाली. ‘गिऱ्हाईकाच्या नव्या पाइपवर पंजा उमटवून कुठे निघालात? आधी हा डाग काढा. मग काय ते बघू.’

‘हा डाग सहज जायचा नाही.’

‘मग बसा घासत.’

अशा रीतीने डॉक्टरांच्या गाडीला त्यांचा जुना, भोकाचा पाइप परत लागला. सुनेनेच लावला, पिनेसकट. डॉक्टर फटफट करत गल्लीतून जायला लागले की न्हावी म्हणायचा, ‘आली, दाढ आली.’ आणि उस्ताद गॅरेजच्या दारात, पायांवर जुनी चादर, चादरीवर पाइप, एका हातात पॉलिशची डबी आणि दुसऱ्यात फडकं, असे घासायला बसले.

गल्लीला विषय मिळाला. येणारा जाणारा विचारायचा.

‘उस्ताद, किती राहिलं?’

‘साडेतीन.’

पुढे ‘अडीच’ झालं. मग न्हावी मुद्दाम रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, ‘अर्धं बोट तेवढं ठेवा उस्ताद, कंपनीची खूण म्हणून.’ उस्तादांनी त्याला कंपनीची खूण कुठे उमटवता येईल ते सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण दारात बसलेल्या माणसाला नुसतं घासून भागत नाही. त्यांचे कान आत होते.

‘पुढच्या ब्रेकची हवा काढली का?’ ते पाइपवरून डोळे न उचलता विचारायचे.

‘काढतेय,’ सून म्हणायची. ती दांडा दाबत, सोडत, नळीतून तेलाचे बुडबुडे बाटलीत पडताना बघत असायची.

‘बुडबुडे थांबले?’

‘थांबले की थांबेन मी.’

‘थांबले की नाही?’

‘नाही.’

पहिल्यांदा पहिल्यांदा ती वैतागायची. भांडी आपटल्यासारखी पाने आपटायची. मग उत्तरं नुसती द्यायला लागली. मग एकदा मी बघितलं, तिने एक चाक बांधलं, हात पुसले आणि उगीचच उभी राहिली. उस्तादांना ठसका लागला होता. ठसका थांबला, ते म्हणाले, ‘ताटली?’ आणि ती म्हणाली, ‘पालथी,’ आणि गाडी बाहेर काढली. हे मी लगेच लिहून घेतलं, म्हणजे मनात.

एका दुपारी ती माझ्याकडे दोरा मागायला आली. ‘आई विचारत होत्या,’ ती म्हणाली, ‘बाबा कधीपासून घरी.’

‘मग?’

‘मी सांगितलं, डाग पक्का आहे.’

मी तिला दोरा दिला आणि काही बोलले नाही. कारण मला माझ्या जागेवरून पाइप चांगला दिसतो. त्यावरचा डाग केव्हाच गेला होता. आरशासारखा झालेला पाइप उस्ताद उगीच घासत होते. ते घासत होते, ती बघत नव्हती, आणि दोघांनाही वाटत होतं की हे आपल्या एकट्यालाच माहीत आहे.

शेवटी डॉक्टरांचा धीर सुटला. पेशंट म्हणत होते, डॉक्टर, खाली गाडीचा आवाज आला की आमचं दुखणं वाढतं. त्यांनी येऊन पाइप हातात घेतला, उलटा केला, आरसा फिरवला. ‘उस्ताद, यात मला माझे नाकातले केस दिसतायत. आता द्या.’

देण्यावाचून इलाज नव्हता. उस्तादांनी चादर झटकली, घडी केली, पान्यांच्या गुंडाळीवर ठेवली. गुंडाळी बाकावर होती तिथेच होती, कुणी हलवली नव्हती. त्यांनी टोपी घातली. म्हणजे घरी निघालेच होते.

‘पाइप बसवून होईपर्यंत तरी थांबा,’ सून म्हणाली.

ते दारातच उभे राहिले. तिने सळई सोडली, जुनी पिन फेकली, खुंटी आणि नवी पिन ताटलीत टाकली, दांडी उतरवली. जुना पाइप काढून नवा फडक्यात धरून मागून सरकवला. बोल्ट आवळले. उस्तादांनी न सांगता पेट्रोलचं फडकं घेतलं आणि पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला, दांडीची जागा दोनदा. मग हात मागे बांधून घेतले. सुनेने दांडी चढवली, सळई लावली, खुंटी घातली. उठली, कमरेवर हात ठेवला, आणि गाडीच्या बटणाकडे वळली.

‘पाइप पुसला?’ तिने विचारलं.

‘पुसला,’ उस्ताद म्हणाले. ‘पिन?’

‘लावली अस...’

ती थांबली. मग ती खाली बसली, दांडीच्या मागे बघितलं, आणि ताटलीकडे हात नेला. ताटली पालथी नव्हती. तिच्यात एक नवी कोरी पिन पडली होती. तिने ती उचलली, घातली, पक्कडीने एक टोक या अंगाला दुमडलं, एक त्या अंगाला.

‘चुकले, बाबा.’

‘असणार हे पाहुण्यांचं,’ उस्ताद म्हणाले. ओरडून नाही.

‘हो.’ तिने ताटली पालथी घातली. मग उठून स्टूल उचललं आणि दारातून आत आणलं, दिव्याखाली, ब्रेकचं काम करतात तिथे. ‘तिकडून तुम्हाला नीट दिसत नाही. इथे बसा. मी विचारल्याशिवाय पान्याला हात नाही, आणि तुम्ही विचारल्याशिवाय माझी गाडी बाहेर नाही. चालेल?’

उस्तादांनी स्टूल हलवून बघितलं, एक पाय लंगडा होता. खाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला. मग टोपी काढली आणि बसले.

‘माळ्याचं काय सांगशील?’ त्यांनी विचारलं.

‘आईंना सांगेन, तुमच्या मुलाला सुट्टी आहे रविवारी.’

डॉक्टर गाडी घेऊन गेले. आवाज आला नाही, म्हणजे आला, जेवून उठलेल्या माणसासारखा. न्हाव्याला बोलायला काही राहिलं नाही.

मी माझ्या मशीनवर परत बसले आणि खातं जुळवायचा प्रयत्न केला. ही तीच पोरगी, जिला डबा घेऊन दारात उभी असताना ताटलीच्या काठाला चिकटलेलं वॉशर दिसलं होतं. तिला तिच्या हातची पिन, समोरच्या ताटलीत, भर दुपारी दिसली नाही? दमली असेल. रोजचं काम, माणूस आहे, विसरतो. किंवा मग ती काहीच विसरली नव्हती. हे कोणत्या बाजूला मांडायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. तिला विचारायचा धीर मला झालेला नाही, आणि भिंतीपलीकडून रोज आवाज येत राहतो: हवा काढली? काढली. नट? आवळला. ताटली?